आवाजाची फाइल: राखायची कोणती, वाटायची कोणती

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात आवाजाचं काम करणाऱ्याकडे साधारण तीन तऱ्हेचा माल येतो. एक म्हणजे कपाटातून निघालेल्या जुन्या कॅसेटी: भजनं, कीर्तनं, जात्यावरच्या ओव्या, कुणाच्या तरी आजोबांचं भाषण. दुसरं ताजं रेकॉर्डिंग: कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशा गावांची साहित्य संमेलनं, पारायणाचे सप्ताह, देवळातली भजनं. तिसरी असते व्हॉट्सॲपवरून अनेक हातांतून फिरलेली, ‘एवढं साफ करून द्या’ म्हणून पाठवलेली फाइल. तिन्हींना एकच फॉरमॅट आणि एकच रीत लावली की नुकसान होतं, आणि आवाजाचं झालेलं नुकसान बहुधा भरून येत नाही.

कोणता फॉरमॅट चांगला, असं विचारून काही हाती लागत नाही. या फाइलवर अजून कोणतं काम बाकी आहे, ते आधी पाहावं. काम बाकी असेल तोवर वेव्ह किंवा फ्लॅक (आवाजातलं काहीही न टाकणारे फॉरमॅट) ठेवावी. सगळं आटोपलं आणि फाइल फक्त ऐकणाऱ्याच्या हाती द्यायची उरली, की एमपीथ्री (आवाजातला काही भाग टाकून छोटी केलेली फाइल) करावी. एकदा एमपीथ्री झालेली फाइल पुन्हा वेव्ह करता येते, पण गेलेला आवाज परत येत नाही, फक्त फाइल फुगते. कुणी ‘ओरिजिनल वेव्ह’ म्हणून काही दिलं, तर ऑडॅसिटी या आवाज-संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्रॅम (खालचे-वरचे स्वर दाखवणारं चित्र) लावून पाहा. टाळ किंवा टाळ्या वाजत असतानाही १६ किलोहर्ट्झच्या आसपास सगळं कापल्यासारखं सपाट संपत असेल, तर ती फाइल कधीतरी कमी बिटरेटच्या (सेकंदाला कमी बिट देणाऱ्या) एमपीथ्रीतून गेलेली आहे असं समजायला हरकत नाही.

आपल्याकडच्या रेकॉर्डिंगमध्ये एमपीथ्रीचा दोष सगळ्यात आधी टाळांत ऐकू येतो. एमपीथ्री आवाजाचे ११५२ नमुन्यांचे (नमुना म्हणजे आवाजाची एकेक मोजणी) तुकडे पाडते, म्हणजे एक तुकडा साधारण २५ मिलिसेकंदांचा. बिट कमी पडले की त्या तुटीचा खरखराट तुकड्याभर पसरतो, आणि टाळाचा ठोका पडायच्या आधीच एक ‘स्स’ ऐकू येतो. पन्नास टाळकरी एकत्र वाजवत असतील आणि फाइल १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ किलोबिटांची) असेल, तर टाळांचा खणखणाट पाण्याखालून आल्यासारखा होतो. अशा फाइलवर आणखी इक्यू मारून (वरचे-खालचे स्वर कमीजास्त करून) ती पुन्हा एमपीथ्री केली की दोष दुणावतो. एकट्या माणसाच्या भाषणाला १२८ चालून जातात. टाळ, झांजा असतील तर १९२ च्या खाली मी जात नाही, आणि २५६ असेल तर बरंच.

आता आकड्यांचा हिशेब. ४४.१ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४४,१०० नमुने), १६ बिट (एका नमुन्याला), स्टिरिओ म्हणजे सीडीचा दर्जा: मिनिटाला सुमारे १०.६ एमबी. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ: मिनिटाला १७.३ एमबी, तासाला १ जीबीहून थोडं जास्त. नव्वद मिनिटांची एक कॅसेट दीड जीबीत बसते, शंभर कॅसेटी साधारण १५५ जीबीत. आजच्या हार्ड डिस्कच्या भावात ही जागा महाग नाही. जागा वाचवायला म्हणून मूळ प्रत एमपीथ्रीत ठेवणं मला मुळीच पटत नाही.

४८/२४ हे माझं नेहमीचं माप. ध्वनिसंग्रहांच्या आयएएसए या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शिकेतही जुन्या ॲनालॉग मालासाठी किमान हेच सांगितलं आहे. व्हिडिओचा आवाज ४८ वरच चालतो, त्यामुळे पुढे कुणी चित्राला जोडायला मागितलं तरी रूपांतर करावं लागत नाही. २४ बिट कशाला, कॅसेटीत तेवढा दर्जा असतो कुठे, असं विचारतात. कॅसेटीत ५०-६० डेसिबलच्या पलीकडे फारसं काही नसतं हे खरंच आहे. पण १६ बिटांना ९६ डेसिबल मिळतात, २४ ला १४४. ही जादाची जागा कॅसेटीसाठी लागत नाही, ती रेकॉर्डिंग करणाऱ्याच्या उपयोगाची. तिच्यामुळे पातळी १२ डेसिबल खाली ठेवून निर्धास्त बसता येतं. कीर्तनकार एकदम वरच्या पट्टीत गेला तरी फाइल फाटत नाही, आणि नंतर आवाज वाढवला तरी खालचा खरखराट वर येत नाही.

फ्लॅकमध्ये एकही नमुना जात नाही आणि जागा वाचते. स्वच्छ रेकॉर्डिंग साधारण निम्म्यावर येतं. कॅसेटीच्या फाइलमध्ये मात्र तेवढी बचत होत नाही, कारण टेपचा ‘हिस्स’ आवाज दाबता येत नाही आणि २४ बिटांतले खालचे बरेच बिट त्याच आवाजाने भरलेले असतात. तिसरा हिस्सा वाचला तरी समाधान मानावं. फ्लॅकचा खरा फायदा वेगळा आहे. फाइलच्या आत मूळ आवाजाची एमडीफाइव्ह खूण (आवाजावरून काढलेला पडताळणीचा आकडा) साठवलेली असते. पाच वर्षांनी डिस्कवरची फाइल कुठे बिघडली आहे का, हे फ्लॅकच्या ‘टेस्ट’ सोयीने तपासता येतं. वेव्हमध्ये ही सोय नाही. म्हणून काम चालू असताना वेव्ह आणि कपाटात ठेवताना फ्लॅक, असा माझा शिरस्ता आहे.

वेव्हची आणखी एक मर्यादा लांब कार्यक्रमात आडवी येते. फाइलच्या आकाराचा आकडा ३२ बिटांत लिहिला जातो, त्यामुळे ती ४ जीबीच्या पुढे जात नाही. ४८/२४ स्टिरिओत हे ४ तास ८ मिनिटांना भरतं. रात्रभराच्या भजनाला हे पुरत नाही. बरेच रेकॉर्डर २ जीबीला आपोआप नवी फाइल सुरू करतात. तुमचा करतो की नाही, ते घरी तपासून मगच मंडपात जा. पेन ड्राइव्ह फॅट३२ असेल तर त्याच्यावरही ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही, तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्यावा.

मंडपात लाइट गेली तर

वेव्ह निवडायचं याहून मोठं कारण आपल्या भागात हे आहे. मोबाइल बहुतेक वेळा एम४ए फाइल करतो. तिचा आतला नकाशा, म्हणजे कोणता तुकडा कुठे आहे याची नोंद, सहसा रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहिली जाते. मध्येच बॅटरी संपली किंवा फोन बंद पडला तर आवाज मेमरीत असूनही फाइल उघडत नाही, आणि ती दुरुस्त करणं किचकट काम आहे. वेव्हचं तसं नाही. तिच्यात सुरुवातीला एक छोटं शीर्षक असतं आणि मग सलग नमुने. अॅडॉप्टरवर चालणाऱ्या रेकॉर्डरची वीज गेली, तर शीर्षकातला आकार शून्य राहतो आणि फाइल रिकामी दिसते. ती लगेच पुसू नका.

फाइलचा आकार शेकडो एमबी दिसत असेल तर आवाज आत आहे. ऑडॅसिटीत ‘फाइल’, मग ‘इम्पोर्ट’, मग ‘रॉ डेटा’ निवडा. ‘साइन्ड २४ बिट पीसीएम’, ‘लिटल एंडियन’, दोन चॅनल, ४८००० असे आकडे भरा आणि सुरुवातीचा ऑफसेट ४४ बाइट द्या. आवाज स्पष्ट आला तर काम झालं. नुसता कर्कश खरखराट आला तर शीर्षक ४४ बाइटांहून लांब आहे आणि नमुन्यांची रांग सरकली आहे. २४ बिट स्टिरिओत एक जोडी ६ बाइटांची असते, म्हणून ४४, ४५, ४६ असं करत ४९ पर्यंत एकेक ऑफसेट देऊन पाहायचा. त्यातल्या एकाला रांग जुळतेच. सुरुवातीला क्षणभर टक्क असा आवाज येईल, तो कापून टाकावा. वीज जाण्याआधी यंत्राने कार्डावर लिहिलेले नसतील ते शेवटचे काही क्षण मात्र जातात, त्याला इलाज नाही.

संमेलनात आवाज घेताना साउंडवाल्याच्या मिक्सरवर ‘रेक आउट’ किंवा ‘टेप आउट’ लिहिलेल्या दोन आरसीए पिना असतात. तिथून रेकॉर्डरच्या ‘लाइन इन’मध्ये यावं. मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या माइक पिनेत घालू नये. लाइनचा आवाज व्होल्टच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतो, माइक इनपुटला काही मिलिव्होल्टच हवे असतात, त्यामुळे आवाज चिरकतो आणि तो नंतर दुरुस्त होत नाही. ॲम्प्लिफायरच्या स्पीकरच्या तारांना तर हातही लावू नये. लॅपटॉप चार्जरवर असताना ५० हर्ट्झची घरघर येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. घरघर थांबली तर अर्थिंगचा फेरा आहे, आवाजाच्या तारेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावला की मिटतं.

मिक्सरमध्ये फक्त माइकसमोरचा आवाज येतो. टाळकरी आणि श्रोत्यांचा प्रतिसाद त्यात जवळजवळ नसतो. म्हणून दुसरा रेकॉर्डर श्रोत्यांत ठेवावा. तो मंचापासून १७ मीटरवर असेल तर त्यातला आवाज ५० मिलिसेकंद उशिरा येतो, तेवढा ट्रॅक पुढे ओढून घ्यायचा. सुरुवातीला मंचावर एक खणखणीत टाळी वाजवून घेतली की जुळवणं सोपं जातं. पण दोन यंत्रांची घड्याळं कधीच तंतोतंत सारखी नसतात. दहा लाखांत २० इतका फरक असला तरी तासाला ७२ मिलिसेकंद होतात. तासाभराने आवाज घुमल्यासारखा वाटू लागतो तो यामुळे. शेवटीही एक टाळी घ्यावी आणि दोन्ही टोकं जुळतील एवढा एक ट्रॅक ताणावा.

कॅसेट

खानापूर, जांबोटीकडच्या पावसाळी हवेत ठेवलेल्या कॅसेटीवर पांढरी बुरशी असते. खिडकीतून रीळ पाहिल्याशिवाय डेकमध्ये घालू नये, एका कॅसेटीची बुरशी हेडवरून (टेप वाचणाऱ्या भागावरून) पुढच्या दहांना लागते. हेड आणि धातूचा खांब आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीने पुसावा. रबरी चाकाला अल्कोहोल वारंवार लावू नये, रबर कडक होतं. त्याला ओलसर कापड पुरतं. कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि मागे फिरवून घ्यावी, म्हणजे चिकटलेले वेटोळे सुटतात. मागचे दोन्ही प्लॅस्टिकचे टॅब तोडून टाकावेत, चुकून वर रेकॉर्ड होण्याची भीती राहत नाही.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो हेडच्या तिरकेपणाने. ज्या डेकवर मूळ रेकॉर्डिंग झालं त्याचं हेड किंचित वेगळ्या कोनात असतं, आणि मग वरचे स्वर मेलेले ऐकू येतात. हेडशेजारी एक स्प्रिंगवाला छोटा स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून, दोन्ही चॅनल एकत्र करून मोनोत ऐकत, तो अगदी थोडा थोडा फिरवायचा. ‘स’, ‘श’ आणि टाळ सर्वांत स्पष्ट येतील तिथे थांबायचं. मूळ जागेची खूण आधी करून ठेवावी. पुढे कितीही इक्यू केला तरी या स्क्रूची बरोबरी होत नाही.

माइक एकच होता, रेकॉर्डिंग मोनो आहे, तरीही स्टिरिओतच घ्यावं. मग दोन्ही बाजू वेगवेगळ्या ऐकून चांगली असेल ती ठेवावी. दोन्ही मिसळल्या आणि हेडचा कोन थोडा जरी चुकलेला असला, तर वरचे स्वर एकमेकांना मारतात. डॉल्बीचं (हिस्स कमी करण्याच्या सोयीचं) बटण कॅसेटीवर खूण असेल तरच लावावं. आजोबांच्या साध्या टेपवर केलेल्या रेकॉर्डिंगला डॉल्बी लावून ऐकलं की आवाज दबकतो.

टेपचा वेग बरोबर आहे का, हे पाहायला एक चांगली खूण आहे. मूळ रेकॉर्डिंग विजेवर चालणाऱ्या टेपवर केलेलं असेल तर त्यात ५० हर्ट्झची घरघर थोडी तरी असते. स्पेक्ट्रममध्ये ती ५२ वर दिसली तर कॅसेट ४ टक्के जास्त वेगाने चालते आहे. टेप सेलवर चालवला असेल तर ही खूण मिळत नाही, मग पेटीच्या पट्टीवरून अंदाज घ्यावा लागतो, आणि जुन्या पेट्या स्वतःच कमीअधिक लागलेल्या असल्याने तो अंदाजच राहतो.

सॉफ्टवेअर

बहुतेकांना ऑडॅसिटी पुरते. ती मोफत आहे, २००० सालापासून आहे, आणि जुन्या लॅपटॉपवरही चालते. रेकॉर्ड करण्याआधी प्रोजेक्टचा दर ४८००० आहे ना, ते पाहावं. आत ती ३२ बिट फ्लोटमध्ये काम करते, त्यामुळे संकलन करताना पातळी चुकून वर गेली तरी खाली आणता येते. रेकॉर्ड होतानाच इनपुट फाटला असेल तर मात्र फ्लोटचाही उपयोग नाही. मोबाइलच्या एम४ए फाइली उघडायला एफएफएमपेग लायब्ररी (इतर फॉरमॅट वाचणारी जोड) बहुधा वेगळी बसवावी लागते. ‘फाइल उघडत नाही’ म्हणतात त्याचं कारण बरेचदा एवढंच असतं.

ऑडॅसिटीचा प्रोजेक्ट हा जपून ठेवायचा फॉरमॅट नाही. २०२१ च्या ३.० आवृत्तीआधी एक छोटी एयूपी फाइल आणि शेजारी त्याच नावाचा, शेवटी ‘डेटा’ असलेला फोल्डर असे, आणि लोक पेन ड्राइव्हवर फक्त छोटी फाइल नेत. आवाज सगळा फोल्डरात, त्यामुळे दुसरीकडे काहीच उघडत नसे. आता एकच एयूपी३ फाइल असते. पण प्रोग्रॅम अर्ध्यात बंद पडला तर तिच्या शेजारी त्याच नावाची, शेवटी ‘वॉल’ असलेली एक फाइल दिसते. शेवटचं काम तिच्यात असतं, ती पुसायची नाही, दोन्ही एकत्र ठेवून प्रोजेक्ट पुन्हा उघडायचा. प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवर किंवा क्लाउडला जोडलेल्या फोल्डरात ठेवून काम करू नये. रोजचं काम झालं की वेव्ह एक्स्पोर्ट करावी.

आठ-दहा ट्रॅक, दोन रेकॉर्डर, वर निवेदन असं काम असेल तर मी रीपर सुचवीन. ६० दिवस वापरून पाहता येतं, नंतर व्यक्तीला किंवा छोट्या व्यवसायाला ६० डॉलरचा परवाना आहे. मूळ वेव्हला ते हात लावत नाही, काप आणि इफेक्ट सगळे आरपीपी नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहिलेले राहतात. वर्षाने परत उघडून एखादा काप बदलता येतो. प्रोजेक्ट दुसऱ्या यंत्रावर नेताना ‘सेव्ह ॲज’मध्ये सगळा मीडिया प्रोजेक्टच्या फोल्डरात कॉपी करण्याची खूण करावी, नाहीतर ट्रॅक ‘ऑफलाइन’ दिसतात. नुसतं पुढचं-मागचं कापायचं असेल तर ओसेनऑडिओ (ocenaudio) हलकं आहे आणि तेही मोफत. व्हिडिओसोबतचं काम असेल तर दाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतलं फेअरलाइट पुरेसं आहे.

साफ करणं

इथे हात आवरावा लागतो. क्रम असा ठेवतो: आधी ८० हर्ट्झच्या खालचं कापायचं, मग ५०, १००, १५० वरची घरघर नॉचने (तेवढाच एक स्वर कापणाऱ्या फिल्टरने) काढायची, मग नॉइज रिडक्शन, मग इक्यू, आणि शेवटी पातळी. पखवाज असेल तर ८० ऐवजी ४० वर कापावं, नाहीतर त्याची घुमकच जाते.

नॉइज रिडक्शनला एक-दोन सेकंदांची अशी जागा दाखवावी लागते जिथे फक्त खरखर आहे. ६ ते ९ डेसिबल काढलं तर बहुतेक वेळा पुरतं. ऑडॅसिटीत तिथेच ‘रेसिड्यू’ हा पर्याय आहे, तो लावला की काय काढून टाकलं जाणार आहे ते ऐकू येतं. त्या काढलेल्या आवाजात शब्द ओळखू येत असतील तर हात जड पडला आहे. मराठी बोलण्याला हे फार लागतं. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च यांतला फरक, तसाच स आणि श यांतला, ४ ते ८ किलोहर्ट्झच्या सळसळीत असतो. टेपचा हिस्सही तिथेच. हिस्स पार घालवायला गेलं की सीमाभागातल्या म्हाताऱ्या माणसाच्या बोलीतले हे बारकावे पहिल्यांदा पुसले जातात, आणि रेकॉर्डिंग जपण्याचं निम्मं कारण तेच असतं. थोडी खरखर राहू द्यावी.

दुसरी सावधगिरी तानपुऱ्याची. प्रोग्रॅमच्या लेखी जो आवाज सतत एकसारखा, तो कचरा. बैठकीच्या रेकॉर्डिंगमध्ये तानपुरा किंवा सूरपेटी मागे चालू असतानाचा तुकडा नमुना म्हणून दिला, तर षड्जच झिजतो. गाणं सुरू व्हायच्या आधीची, वाद्यं लागण्यापूर्वीची जागा शोधावी. ती नसेल तर नॉइज रिडक्शन करूच नये. नॉच आणि इक्यूवर भागवावं.

साफ केलेली प्रत मूळ प्रतीवर कधीही ‘सेव्ह’ करू नये. मूळ कॅसेटीची फ्लॅक जशीच्या तशी वेगळी राहिली पाहिजे, पुढे चांगली साधनं येतील तेव्हा तिच्यावरच काम होणार आहे.

नावं आणि देवाणघेवाण

फाइलच्या नावात आधी वर्ष-महिना-दिवस, मग गाव, मग प्रकार, मग कॅसेटीची बाजू. नाव रोमन अक्षरांत आणि जागा न सोडता लिहिलं तर कुठल्याही यंत्रावर अडत नाही. आपल्याकडची खास अडचण गावांच्या स्पेलिंगची आहे. बेळगावचं बेळगावी १ नोव्हेंबर २०१४ ला झालं, आणि मराठी, कन्नड, जुनं इंग्रजी अशा तीन तऱ्हांनी एकच गाव लिहिलं जातं. शोधताना मग निम्म्या फाइली सापडत नाहीत. सुरुवातीलाच गावांची एक यादी करून एकच स्पेलिंग पक्कं करावं, बाकीची टॅगमध्ये (फाइलच्या आत लिहिलेल्या माहितीत) टाकावी. भजन मराठी आहे की कन्नड, की दोन्ही मिसळलेलं, हेही तिथेच लिहावं.

फ्लॅकचे टॅग यूटीएफ-८ मध्ये असतात, देवनागरी आणि कन्नड दोन्ही लिप्या नीट राहतात. वेव्हच्या टॅगमध्ये अक्षरांची लिपी ठरलेली नसल्याने देवनागरीचा चुराडा होऊ शकतो. म्हणून वेव्हसोबत त्याच नावाची साधी मजकुराची फाइल ठेवतो. एमपीथ्रीला आयडी३ ची (एमपीथ्रीचे टॅग लिहिण्याच्या पद्धतीची) २.३ आवृत्ती द्यावी. जुन्या पहिल्या आवृत्तीत नावाला फक्त ३० बाइट मिळतात आणि देवनागरीला जागाच नाही. गाडीतल्या स्टिरिओवर नावाऐवजी चौकोन दिसत असतील तर त्या यंत्रात देवनागरीचा फाँट नाही, अशा प्रतीत नावं रोमनमध्ये टाकावी.

पातळी ऑडॅसिटीच्या ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ने ठरवावी. यूट्यूबसाठी -१४ लफ्स (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आणि भाषणाच्या पॉडकास्टला -१६ लफ्स ठीक आहे. वरचं टोक -१ डेसिबलवर थांबवावं, कारण एमपीथ्री करताना टोकं थोडी वाढतात आणि शून्यावर ठेवलेली फाइल चिरकते. यूट्यूब स्वतः आवाजाची फाइल पुन्हा कॉम्प्रेस करतंच, म्हणून तिथे चढवायच्या व्हिडिओत एमपीथ्री घालू नये, वेव्ह घालावी. सीडी हवी असेल तर शेवटच्या क्षणी ४४.१/१६ करावं आणि तेव्हा डिदर (बिट कमी करताना मिसळायची अगदी बारीक खरखर) चालू ठेवावं. व्हॉट्सॲपवर देताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलं की फाइल आहे तशी पोचते, २ जीबीपर्यंत. व्हॉइस नोट म्हणून स्पीकरसमोर फोन धरून पाठवलेल्या रेकॉर्डिंगवर मात्र फारसं काही करता येत नाही. पाठवणाऱ्याला मूळ फाइल किंवा मूळ कॅसेट मागावी.